ड्रॅगनचा पिक्चर आणि दोन बाजूंचे प्रेक्षक, त्यामागची जुनी गोष्ट

गेल्या रविवारी डिचोलीला आमच्या घरी ताई आणि भावोजी आले होते, जेवणं झाली आणि भाच्याने मोबाइल टीव्हीला जोडून ‘ड्रॅगन वॉर्स’ लावला. कोरियन पिक्चर, २००७ चा. लॉस एंजेलिसमधल्या एका उंच टॉवरला अजस्र साप विळखा घालत वर चढतो आणि भोवती हेलिकॉप्टरं गोळ्या झाडत फिरतायत, हा सीन आला तसा भाचा सोफ्यावरून उठून टीव्हीच्या पुढ्यातच जाऊन बसला, आणि त्याच मिनिटाला भावोजी म्हणाले, "साप छान केलाय रे, पण गोष्ट कुठाय?" आणि उठून पडवीत गेले. मी मात्र त्या दोघांकडेच बघत बसलो, कारण एका घरातलं हे भांडण २००७ च्या ऑगस्टमध्ये अख्ख्या दक्षिण कोरियात झालं होतं. तेव्हापासून डोक्यात आहे की हे नीट लिहायला पाहिजे.

तर ह्या पिक्चरचा डायरेक्टर शिम ह्युंग-रे हा मुळात कॉमेडियन. योंग-गू नावाचं भोळसट पात्र करून तो कोरियातल्या लहान मुलांचा लाडका झाला होता, आणि पुढे त्याच पात्राच्या नावाने त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला. १९९९ ला त्याने राक्षसी प्राण्याचा एक पिक्चर केला, त्याच्या इफेक्टला लोकांनी नावं ठेवली. मग हा माणूस काही वर्षं घालवून ‘डी-वॉर’, म्हणजे हाच ‘ड्रॅगन वॉर्स’, उभा करतो, आणि त्याचा हट्ट एवढाच की कॉम्प्युटरवरचं काम हॉलीवूडला द्यायचं नाही, आपल्याच पोरांकडून करून घ्यायचं. १ ऑगस्ट २००७ ला पिक्चर कोरियात लागला. समीक्षकांनी जवळजवळ एकमुखाने धुतला. आणि लोकांनी काय केलं, तर ८४ लाखांच्या आसपास तिकिटं काढली! कोरियाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आत, म्हणजे साधारण सहा माणसांमागे एक तिकीट. त्या वर्षीचा सगळ्यात जास्त चाललेला कोरियन पिक्चर तोच.

भांडण इतकं वाढलं की टीव्हीवर रात्रीच्या चर्चेच्या कार्यक्रमात हा विषय घेतला, जिथे एरवी राजकारण चालतं. तिथे चिन जुंग-क्वोन नावाच्या समीक्षकाने सरळ सांगितलं की ह्यात गोष्टच नाही, हिरो-हिरॉइन स्वतः काही करतच नाहीत, आणि शेवटी अडचण आली की चांगला साप आयता येऊन सोडवतो. त्यावर इंटरनेटवर लोक त्याच्यावर तुटून पडले. का? कारण पिक्चरच्या शेवटी शिमने स्वतःच्या कष्टांची गोष्ट पडद्यावर टाकली होती आणि मागे ‘आरिरांग’ वाजत होतं, जे कोरियन माणसाला आपल्याकडच्या ओवीसारखं रक्तात भिनलेलं गाणं. म्हणजे बरेच लोक साप बघायला नव्हतेच गेले, आमच्या पोरांनी हे करून दाखवलं हे बघायला गेले होते. मला ती भावना चुकीची वाटत नाही. पण समीक्षकाचं म्हणणंही मला पटतं, पिक्चरची मांडणी खरंच ढिली आहे. सप्टेंबरमध्ये तो अमेरिकेत दोन हजारांहून जास्त थिएटरांत लागला तेव्हा ‘आमच्या पोरांचं’ हा भाग गळाला, नुसता साप आणि गोष्ट उरली, आणि तिथे एकूण कमाई १ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास अडकली.

आता हा साप की ड्रॅगन, हा प्रश्न भाच्यालाही पडला. "मामा, ह्याला पंख कुठे आहेत?" कोरियन लोककथेत ‘इमुगी’ नावाचा प्राणी असतो, साप-अजगरासारखा, तो हजार वर्षं वाट बघतो आणि दिव्य मणी मिळाला की ड्रॅगन होऊन आकाशात जातो. म्हणजे तो अपुरा ड्रॅगन. पश्चिमेचा ड्रॅगन वेगळा, तो आग ओकतो, खजिन्यावर बसतो आणि त्याला मारायचं असतं. गोव्यात आपण दोन्ही बघत मोठे झालोय असं मला वाटतं. चर्चमध्ये सेंट मायकल भाला घेऊन पायाखाली सैतानाला दाबून उभा असतो, हणजुण्याचं चर्च त्याच्याच नावाचं आहे, आणि बायबलात मायकल लढतो तो ड्रॅगनशीच. आणि इकडे सातेरीच्या देवळात गाभाऱ्यात रोयण असते, वारूळच, तिथे आपण हात जोडतो, नागपंचमीला नाग पुजतो. म्हणून इमुगीची गोष्ट आमच्या आईला एका वाक्यात कळली आणि अमेरिकेतल्या कितीतरी लोकांना हे सापच का भांडतायत तेच कळलं नाही.

आणि पडद्यावरचा साप तर आपल्याकडे फार आधी आला. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ ला ‘कालिया मर्दन’ केला. कृष्ण झाली होती त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. पिक्चर सुरू होतो तेव्हा आधी मंदाकिनीचा चेहराच दिसतो, ती राग, आनंद, वेगवेगळे भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. म्हणजे फाळक्यांनी आधीच सांगून टाकलं की ही माझी पोर आहे, आता ही कृष्ण होणार बघा. मग पाण्याखाली ती त्या भल्यामोठ्या सापाशी झुंजते. आज बघितला तर साप बनवलेला आहे हे लगेच कळतं, तरी मी तो सीन कधी अर्धवट सोडू शकलो नाही. आपल्या दशावतारातही तेच, संकासुर काळे कपडे घालून येतो, मागे साधा पडदा, आणि पेडणे-डिचोलीकडे पहाटेपर्यंत पोरं त्याला घाबरून आईच्या कुशीत शिरतात. खोटं कळणं आणि पटणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ड्रॅगनच्या पिक्चरवरची बरीच भांडणं ह्या दोन्हींची गल्लत केल्यामुळे होतात.

युरोपात १९२४ ला फ्रिट्झ लांगने ‘सीगफ्रीड’साठी सुमारे ६० फूट लांब ड्रॅगन खरोखर बांधला, आत माणसं बसून तो हलवायची. त्यात तो बिचारा ओढ्यावर पाणी पीत असतो आणि हिरो येऊन त्याला मारतो, आज बघताना हिरोपेक्षा ड्रॅगनचंच वाईट वाटतं. पुढे रे हॅरीहाऊसनने १९५८ च्या सिंदबादच्या पिक्चरमध्ये छोटं मॉडेल एकेक फ्रेमला थोडं थोडं हलवून ड्रॅगन चालवला, ते हातकाम मला अजून आवडतं, पण त्यात एक अडचण होती. खरं जनावर हलतं तेव्हा कॅमेऱ्यात ते किंचित पुसट येतं, आणि मॉडेल प्रत्येक फोटोच्या वेळी स्थिर असल्यामुळे प्रत्येक फ्रेम लख्ख, मग सगळं जोडल्यावर हालचाल झटके दिल्यासारखी दिसते.

ही अडचण सोडवली १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेयर’ने, आणि माझ्या मते आजपर्यंतचा सगळ्यात चांगला ड्रॅगन तोच. जॉर्ज लुकासच्या कंपनीत फिल टिपेट आणि त्याच्या माणसांनी मॉडेलला दांडे जोडले, ते दांडे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मोटरला, आणि शटर उघडं असतानाच मॉडेल थोडं हलायचं, त्यामुळे फ्रेम पुसट यायची आणि हालचाल खरी वाटायची. त्याला गो-मोशन म्हणतात. शिवाय डायरेक्टर मॅथ्यू रॉबिन्सने ड्रॅगन लपवून ठेवला, आधी पंजा, मग शेपटी, मग श्वास, पूर्ण अंगाने तो बऱ्याच उशिरा येतो. ऑस्करला इफेक्टसाठी नामांकन मिळालं. पण धंदा? खर्च १ कोटी ८० लाख डॉलर, अमेरिकेत कमाई १ कोटी ४० लाखांच्या आसपास. पिक्चरमध्ये डिस्नीचे पैसे होते, आणि आत राजकन्येला ड्रॅगनची पिल्लं खातात असा सीन, तो मुलांना कसा दाखवायचा आणि मोठ्यांनी डिस्नीचं नाव बघून जायचं का, असा हा पिक्चर दोन्हींच्या मधे अडकला. म्हणजे काम उत्तम असूनही लोक दोन बाजूंना झालेच, फक्त कारण वेगळं.

मग १९९३ ला ‘जुरासिक पार्क’मधून डायनासोर आले. त्या पिक्चरसाठी आधी टिपेटचं गो-मोशन वापरायचं ठरलं होतं, कॉम्प्युटरची चाचणी बघितल्यावर बेत बदलला, आणि टिपेट स्वतः म्हणाला की आता मीच नामशेष झालो. पुढच्या वर्षी हिंदीत डब होऊन तो आपल्याकडे आला तेव्हा मी शाळेत होतो, आणि घरी आल्यावर अंगणात काळोख झाला की मी एकटा विहिरीकडे जायला तयार नव्हतो. त्यानंतर लोकांची एक अपेक्षा पक्की झाली की कॉम्प्युटर आहे म्हणजे सगळं खरं दिसायलाच पाहिजे. १९९६ च्या ‘ड्रॅगनहार्ट’मध्ये ड्रॅगन बोलायला लागला, आवाज शॉन कॉनरीचा, आणि चेहऱ्यावरचे भाव त्याच्या जुन्या पिक्चरांतून बघून घडवलेले. ड्रॅगन सगळ्यांना आवडला, बाकीच्या पिक्चरबद्दल कोण फारसं बोलत नाही. २००२ च्या ‘रेन ऑफ फायर’चं पोस्टर आठवतं का, लंडनवर ड्रॅगन आणि हेलिकॉप्टरांची लढाई? पिक्चरमध्ये ती लढाईच नाही, तो आहे पडक्या किल्ल्यात लपलेल्या माणसांबद्दल. तो पिक्चर मला आवडतो, पण पोस्टर बघून गेलेला माणूस चिडला तर त्याला मी कसा दोष देऊ, त्याला एक विकलं आणि दिलं दुसरंच. २००६ च्या ‘एरागॉन’चा डायरेक्टर मुळात इफेक्टवाला, पहिलाच पिक्चर, ड्रॅगन निळा आणि देखणा, पण पुस्तक वाचलेली पोरं नाराज आणि पुढचा भाग आलाच नाही.

‘हॉबिट’च्या वेळी तर एक नवीनच तक्रार निघाली. डिसेंबर २०१२ ला पहिला भाग नेहमीच्या २४ ऐवजी सेकंदाला ४८ फ्रेमने काही थिएटरांत दाखवला. सगळं जास्त स्वच्छ, जास्त स्पष्ट, आणि लोक म्हणाले हे टीव्हीच्या सिरियलसारखं दिसतंय, सेट कळतो, दाढ्या चिकटवलेल्या कळतात. वर्षानुवर्षं डोळ्याला सवय अशी की हलकं पुसट दिसलं की तो सिनेमा आणि सपाट गुळगुळीत दिसलं की टीव्ही. म्हणजे फिल टिपेटने ज्या पुसटपणासाठी मोटरी लावल्या तोच इथे कमी झाला. पुढच्या वर्षी स्माउग ड्रॅगन आला, बेनेडिक्ट कंबरबॅचने आवाज दिला आणि अंगाला सेन्सर लावून सरपटून दाखवलं, आणि तेवढ्यापुरतं तरी सगळ्यांचं एकमत झालं की ड्रॅगन जबरदस्त.

मला हे सगळं समजतं ते नरकासुरामुळे. लहानपणापासून आमच्या वाड्यावर दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा मोठा पुतळा करतो, सांगाडा, सुकं गवत, कागद, मुखवटा, हल्ली तर रूळ, चाकं, जॅक, लाइट आणि साउंड. मी दहा-बारा वर्षं त्या कामात होतो. उंची वाढवत नेली की लोक मोबाइल काढतात, फोटो घेतात आणि पुढच्या नाक्यावर जातात. पण एक वर्षी आमचा नरकासूर लहानच होता, पोरांनी मानेला दोरी आणि चाक असं बसवलं की तो मान सावकाश फिरवायचा, एवढी सावकाश की आधी कळायचंच नाही, आणि मग तो एकदम तुमच्याकडे बघत असायचा. पुढे उभी असलेली गर्दी दोन पावलं मागे सरायची. मोठं जनावर सावकाश हलतं. लहान मॉडेल शूट करताना कॅमेरा जास्त वेगाने चालवतात ते ह्याचसाठी, म्हणजे पडद्यावर धूळ, पाणी, पंजा सगळं हळू पडतं आणि वजन जाणवतं. ‘ड्रॅगन वॉर्स’मध्ये टॉवरवर चढणारा साप पटतो कारण तो आवळत आवळत जातो, आणि रस्त्यावरून धावणारी ती राक्षसांची फौज पटत नाही, कारण त्यांच्या पायाखाली डांबर दबत नाही. कॉम्प्युटर तोच, काम करणारी पोरंही तीच.

ह्या कामाला लागणारे हात आपलेही आहेत हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. फ्रेममधला माणूस रेषा काढून मागच्या चित्रापासून वेगळा करणं, वायर पुसणं, हे चिकाटीचं काम मुंबई, हैदराबाद, चेन्नईत चालतं. २०१३ च्या फेब्रुवारीत ‘लाइफ ऑफ पाय’चा वाघ करणारी ‘रिदम अँड ह्यूज’ कंपनी दिवाळखोरीत गेली, त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळालं, आणि त्या कंपनीची ऑफिसं मुंबई-हैदराबादलाही होती. त्यामुळे कोणी ‘इफेक्ट भंगार’ असं दोन शब्दांत लिहून मोकळा झाला की मला राग येतो. वेळ किती दिला, पैसे किती दिले, शेवटच्या महिन्यात सीन किती वेळा बदलला, हे त्या दोन शब्दांत येत नाही.

रविवारी पिक्चर संपत आला तेव्हा भावोजी चहाचा कप घेऊन पडवीच्या दारात येऊन उभे राहिले. पडद्यावर चांगल्या इमुगीला मणी मिळाला होता, त्याचं अंग बदलत होतं, शिंगं आली, मिशा आल्या, आणि तो ड्रॅगन होऊन ढगांत वर वर जायला लागला. भाचा म्हणाला, "मामा, पाठी घे, परत लाव." मी पाठी घेतलं. भावोजी काही बोलले नाहीत, पण दुसऱ्यांदा सीन संपेपर्यंत ते दारातून हलले नाहीत.