मॉर्गन ईव्ही३

मॉर्गन ईव्ही३ ही इंग्लंडच्या मॉर्गन मोटर कंपनीची तीन चाकांची, दोन सीटची, डोक्यावर छप्पर नसलेली इलेक्ट्रिक कार. मार्च २०१६ मध्ये जिनिव्हा मोटर शोमध्ये ती दाखवली गेली. बाहेरून बघितली तर १९३० च्या दशकातली रेसिंग कार वाटेल आणि आत लिथियम बॅटरी, असा सगळा प्रकार. कंपनी तेव्हा ही गाडी विकायच्याच तयारीत होती, तारखाही दिल्या होत्या, पण ती ग्राहकांपर्यंत कधी पोचलीच नाही, त्यामुळे आता तिचं नाव कन्सेप्ट कारच्या (नुसत्या दाखवण्यापुरत्या बनवलेल्या गाड्यांच्या) यादीतच घ्यावं लागतं.

रेट्रो म्हणजे जुन्या धाटणीचं डिझाइन म्हटलं की बऱ्याचदा नवी गाडी घ्यायची आणि तिला जुना मुखवटा चढवायचा एवढंच असतं, मॉर्गनचं तसं म्हणता येत नाही कारण ही कंपनी सुरूच तीन चाकांवर झाली. हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन यांनी १९०९ मध्ये वूस्टरशायरमधल्या माल्व्हर्न इथे पहिली गाडी बनवली, तिला प्युजो या फ्रेंच कंपनीचं व्ही-ट्विन (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दोन सिलिंडर असलेलं) इंजिन होतं, बसायला एकच माणूस, आणि स्टिअरिंग व्हीलच्या जागी वळवायला नुसता दांडा. १९१० मध्ये ती लंडनच्या ऑलिम्पिया शोमध्ये आली. पुढे दोन चाकं, मागे एक (आपल्या रिक्षाच्या बरोबर उलटं) ही मांडणी तेव्हापासूनची. ब्रिटनमध्ये हलक्या तीनचाकीला मोटारसायकलच्या हिशोबाने कर लागायचा, तो चारचाकीपेक्षा बराच कमी, म्हणून पैसे जपून वापरणाऱ्यांना ही गाडी परवडायची. पुढे स्वस्त चारचाकी आल्या आणि तो फायदा आटत गेला, शेवटी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉर्गनने तीनचाकी बनवणं थांबवलं.

मग २०११ मध्ये, तेही जिनिव्हालाच, कंपनीने ‘३ व्हीलर’ नावाने ती परत आणली. जवळपास दोन लिटरचं एस अँड एस कंपनीचं व्ही-ट्विन इंजिन पुढच्या दोन चाकांच्या मध्ये उघडंच लटकवलेलं, त्यामागे माझदाच्या एमएक्स-५ या गाडीचा गिअरबॉक्स आणि मागच्या एकट्या चाकाला पट्ट्याने ताकद. गाडी धडधडते, थरथरते, वारा थेट तोंडावर येतो, आणि लोक पैसे मोजतात ते नेमके ह्याच्यासाठी. म्हणजे इंजिन हाच त्या गाडीचा चेहरा.

ईव्ही३ चा खरा पेच इथेच होता. इंजिन काढून टाकलं की पुढे उरतं ते एक भोक, तिथे दाखवायचं काय? डिझायनर लोकांनी तिथे पितळेचे, उष्णता वाहून नेणारे कूलिंग फिन (गार ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या) बसवले, ते बॅटरीला वेढून असतात, सजावटीपुरते ठेवलेले नाहीत, आणि मला विचाराल तर अख्ख्या गाडीतली सगळ्यात अक्कलहुशारीची गोष्ट हीच. खोटं इंजिन लावलं नाही, खोटी जाळी लावली नाही, जो भाग गार ठेवायचाच आहे तोच पुढे आणून चकाकवला. हेडलाइट तीन, आणि तेही डाव्या-उजव्या बाजूला जुळणारे नाहीत, एकीकडे सरकलेले, त्यामुळे समोरून गाडी थोडी तिरकस बघतेय असं वाटतं. कंपनीने प्रेरणा म्हणून १९३० च्या दशकातल्या, विमानाचं इंजिन लावलेल्या रेस कार, जुन्या मोटारसायकली आणि १९५० च्या दशकातली लढाऊ विमानं अशी नावं घेतली होती.

बांधणीत मॉर्गनचा जुना खाक्या कायम, म्हणजे आत अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा. वर मात्र बॉनेट आणि बाजूच्या काही भागांना कार्बन फायबर वापरलं, आणि लाकूड नि कार्बन फायबर एकाच गाडीत हे मॉर्गनवालेच करू जाणे. एवढी काटकसर वजनासाठी, कारण गाडी ५०० किलोच्या आत ठेवायची होती.

२०१६ ला कंपनीने दिलेले आकडे असे, ४६ किलोवॉटची लिक्विड-कूल्ड मोटर मागच्या चाकाला, २० किलोवॉट-अवरची बॅटरी (म्हणजे २० युनिट), शून्यापासून ताशी १०० किमीच्या आसपास जायला ९ सेकंदांहून कमी, टॉप स्पीड ताशी ९० मैल म्हणजे साधारण १४५ किमी, आणि एका चार्जवर १५० मैल म्हणजे २४० किमी. भागाकार करून बघा, किलोमीटरला जेमतेम ८३ वॉट-अवर पडतात, साधी इलेक्ट्रिक हॅचबॅक याच्या दीडपटीहून जास्त खाते. हलक्या गाडीला छोटी बॅटरी पुरते, छोटी बॅटरी असली की गाडी आणखी हलकी होते, हे चक्र तीनचाकीच्या पथ्यावर पडतं. पण हवेचा विरोध हा तिचा दुखरा भाग, चाकं बाहेर उघडी, माणसं उघड्यावर, हवा जागोजागी अडते, त्यामुळे शहरात कमी वेगाला जो फायदा दिसतो तो हायवेवर बराचसा गळतो.

२०१६ मध्येच लंडनच्या सेल्फ्रिजेस या बड्या दुकानासोबत ‘यूके१९०९’ नावाची खास आवृत्तीही जाहीर झाली, नावातला १९०९ हा मॉर्गनच्या पहिल्या गाडीचा साल आणि योगायोगाने सेल्फ्रिजेसचं लंडनचं दुकान उघडलं तेही त्याच साली. उत्पादन २०१६ च्या अखेरीस सुरू होणार होतं ते झालं नाही. २०१७ मध्ये फ्रेझर-नॅश एनर्जी सिस्टम्स या कंपनीशी हातमिळवणी जाहीर झाली, आता उत्पादन २०१८ मध्ये असं ठरलं, आणि नंतर तोही बेत गुंडाळला गेला. हाताने गाड्या बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला बॅटरी, मोटर, कंट्रोलर हे सगळं बाहेरूनच आणावं लागतं, आणि वर्षाला मोजक्याच गाड्या निघणार असतील तर त्याचा खर्च वाटून जायला गाड्याच पुरत नाहीत, ही अडचण कुठल्याही लहान कंपनीला चुकत नाही.

२०२२ मध्ये ‘३ व्हीलर’च्या जागी सुपर ३ आली, फोर्डचं तीन सिलिंडरचं दीड लिटर इंजिन घेऊन, आणि यावेळी इंजिन उघड्यावर न ठेवता आत झाकलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्यावरच बेतलेली इलेक्ट्रिक एक्सपी-१ दाखवली गेली, पण ही चाचणीची गाडी, विकायची नाही असं आधीच सांगून. मोटर १०० किलोवॉटची, बॅटरी ३३ किलोवॉट-अवरची, आणि नाकाचा भाग वगैरे बदलून हवेचा विरोध सुपर ३ पेक्षा ३३ टक्के कमी केलेला. रेंज, म्हणजे एका चार्जवर जाणारं अंतर, परत तीच, १५० मैल. म्हणजे ईव्ही३ च्या कागदावर जे अंतर २० युनिटमध्ये होत होतं त्याला सात वर्षांनी, हवेचा विरोध कमी करूनसुद्धा, ३३ युनिट लागली. एक्सपी-१ जास्त ताकदीची आहे हे खरं, तरी २०१६ चा आकडा विक्रीआधीच्या उत्साहात काढलेला होता असंच म्हणावं लागतं.