लाकडातली साखर आणि आतड्याची परीक्षा

एखादा माणूस पोटभर जेवतो, तरी महिन्यागणिक वाळत जातो. शौचाला पातळ आणि तेलकट होते. खाल्लेलं अंगी लागत नाही हे उघडच असतं, पण अडतंय कुठे? अन्न पचतच नाही, की पचतं पण आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरत नाही? बाहेरून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात, उपचार मात्र अगदी वेगळे. हा गुंता सोडवायला डॉक्टरांनी एका साध्या साखरेला कामाला लावलं. तिचं नाव झायलोज.

ही साखर 1881 साली पहिल्यांदा वेगळी काढली गेली ती लाकडातून. ग्रीक भाषेत 'झायलॉन' म्हणजे लाकूड, त्यावरून हे नाव पडलं. झाडांच्या खोडात, गवताच्या काडीत, मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्यात ती लांब साखळ्यांच्या रूपात दडलेली असते. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे 6 अणू असतात, झायलोजच्या रेणूत 5. फरक एवढासाच, पण आपलं शरीर या दोन साखरांना फार वेगळी वागणूक देतं.

ग्लुकोज रक्तात आलं की पेशी ते उचलतात, यकृत साठवून ठेवतं, इन्सुलिन त्याच्यावर लक्ष ठेवून असतं. त्यामुळे ग्लुकोज पाजून रक्त तपासलं, तर आकडा आतड्याबद्दल बोलतोय की इन्सुलिनबद्दल, हे सांगणं कठीण. झायलोजचं तसं नाही. रक्तात ती आधीपासून जवळजवळ नसतेच. ती मुळातच सुटी साखर, त्यामुळे तिला फोडायला कुठलाही पाचकरस लागत नाही. लहान आतड्याच्या वरच्या भागातलं अस्तर धड असेल, तर ती थेट आत शिरते. शिरल्यावरही शरीराला तिचा फारसा उपयोग करता येत नाही. साधारण अर्धी यकृतात खर्ची पडते, उरलेली मूत्रपिंडं जशीच्या तशी लघवीत सोडून देतात. शरीराची ही बेफिकिरीच इथे कामाला येते. आत किती गेली, ते बाहेर किती आली यावरून कळतं. मला या चाचणीत सगळ्यात जास्त भावतो तो हा सरळपणा.

चाचणी करायची पद्धतही तशीच साधी आहे. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी लघवी करून यायचं आणि पाण्यात विरघळवलेली 25 ग्रॅम झायलोज प्यायची. त्यानंतर पाच तास होणारी सगळी लघवी एका भांड्यात जमा करायची. सगळी म्हणजे खरोखर सगळी. एकदा जरी विसरून बाहेर लघवी झाली, तरी पुढचं गणित चुकतं. मधे, तास-दोन तासांनी, रक्ताचाही नमुना घेतात. लहान मुलांची लघवी अशी मोजून गोळा करणं अवघड, म्हणून त्यांना वजनानुसार कमी मात्रा देऊन रक्तावरच भर देतात. प्रयोगशाळेत नमुन्यात फ्लोरोग्लुसिनॉल नावाचं रसायन आणि आम्ल घालून तापवलं की गुलाबी रंग चढतो. रंग जितका गडद, तितकी झायलोज जास्त.

निरोगी प्रौढाच्या पाच तासांच्या लघवीत साधारण 4 ग्रॅम किंवा त्याहून जास्त झायलोज उतरते. ती बरीच कमी भरली, तर संशय आतड्याच्या अस्तरावर जातो. सिलिअ‍ॅक आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे अस्तरावरचे मखमलीसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि अन्न शोषून घेणारा पृष्ठभागच आक्रसतो. आकडा नीट आला आणि तरीही शौचातून चरबी जात असेल, तर नजर स्वादुपिंडाकडे वळवावी लागते. तिथला रस कमी पडला तर चरबी पचत नाही, पण झायलोजला त्या रसाची गरजच नसते.

अर्थात कमी आकडा म्हणजे आतडंच बिघडलंय असं लगेच म्हणता येत नाही. मूत्रपिंडं मंद असतील तर साखर रक्तातच रेंगाळते. जठर सावकाश रिकामं होत असेल, उलटी झाली असेल, पोटात पाणी साठलं असेल, तरी आकडा घसरतो. लहान आतड्यात जिवाणू बेसुमार वाढले असतील, तर शोषली जाण्याआधीच ते ही साखर खाऊन टाकतात. काही वेदनाशामक गोळ्यांनीही फरक पडतो. शिवाय एवढी झायलोज एकदम पोटात गेल्यावर काहींना मळमळ आणि जुलाब होतात. म्हणून हा आकडा एकटा वाचायचा नसतो.

आता सिलिअ‍ॅकसाठी रक्तातली प्रतिद्रव्यं तपासतात, एन्डोस्कोपीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यामुळे झायलोजची चाचणी बरीच मागे पडली आहे. पण ही तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी, दाखवते अस्तर कसं दिसतं, आणि झायलोज सांगते ते काम किती करतं. ग्लुटेन बंद केलेल्या सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला काही महिन्यांनी तीच साखर पुन्हा पाजली, की सावरत आलेलं अस्तर ती जास्त शोषून घेतं आणि नळीतला गुलाबी रंग पहिल्यापेक्षा गडद उतरतो.