लाइन गाईड सरकते का बनवावे आणि कसे

आमच्याकडून कंट्रोल लाइन विमानाचा (हातातल्या हँडलला दोन तारांनी बांधलेले, उडवणाऱ्याभोवती वर्तुळात फिरणारे मॉडेल) किट घेणाऱ्यांना आम्ही एक सल्ला आवर्जून देतो: आतल्या, म्हणजे उडवणाऱ्याकडच्या पंखाच्या टोकावरचे लाइन गाईड (तारा पंखातून बाहेर पडतात तो भाग) कायमचे चिकटवू नका, पुढेमागे सरकेल असे बनवा.

उडताना दोन्ही तारा हवेच्या अवरोधाने मागे झुकतात. विमानाला बाहेर खेचणारे बल गुरुत्वमध्यातून जाते, तर तारांचा ताण गाईडपाशी लागतो. त्यामुळे गाईड फार पुढे असले, तर नाक वर्तुळाच्या आत वळते आणि तारा सैल पडतात. डोक्यावरून जाताना हे धोक्याचे असते. फार मागे असले, तर नाक सतत बाहेर राहते. विमान तिरके उडते, वेग खाते आणि कोपरा (झटक्यात वर-खाली वळण) घेताना डगमगते. पुष्कळजण यासाठी बेलक्रँकची (तारांची ओढ शेपटीकडच्या एलिव्हेटरपर्यंत नेणारी विमानातली फिरती तरफ) जागा बदलतात, पण नाक कुठे राहील हे ठरते ते तारा पंखातून जिथे बाहेर पडतात त्या जागेवरून. तारा जाड किंवा लांब घेतल्या की योग्य जागाही मागे सरकते.

बनवायला अवघड काही नाही. पंखाच्या टोकाच्या फळीत साधारण 50 मिमी लांबीची खाच घ्या आणि तिच्या कडा प्लायवूडने मजबूत करा. प्लायवूडच्याच छोट्या पट्टीत 15 ते 20 मिमी अंतरावर तारा ओवायला दोन पितळी आयलेट (कडी) बसवा. पट्टी खाचेवर ठेवून स्क्रूने आवळा. नट आतून इपॉक्सीने पक्का करा, नाहीतर तो पंखात गळून पडेल आणि काढायला कव्हरिंग फाडावे लागेल.

आयलेटच्या कडेकडे मात्र नीट लक्ष द्या. कापसाचा बोळा आतून फिरवून पाहा. एखादा धागा जरी अडकला, तरी तिथे खरखर आहे. ती पॉलिश करून काढा. वळलेल्या तारेचे पदर अशाच जागी एकेक करून तुटतात. रिबांमधली (पंखाच्या आतल्या आडव्या फळ्यांमधली) तारांची भोकेही ऐसपैस ठेवा. पट्टी खाचेच्या दोन्ही टोकांना नेऊन बेलक्रँक पूर्ण फिरवा; तार कुठेही घासता कामा नये.

सुरुवातीला दोन आयलेटच्या मधला बिंदू गुरुत्वमध्याच्या 12 ते 20 मिमी मागे ठेवा. मग उडवून पाहा आणि एका वेळी 3 मिमीच सरकवा. त्याच फेरीत टोकाचे वजन (बाहेरच्या पंखाच्या टोकात ठेवलेले) बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. कोपऱ्यात बाहेरचा पंख खाली पडत असेल, तर आधी टोकाचे वजन कमी करून पाहा. ते काम गाईडचे नाही.

पट्टी हलवली की हँडल सरळ धरून एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी फळी) मध्यावर आहे ना, ते पाहा. प्रत्येक उड्डाणाआधी स्क्रू तपासा आणि तारांची ताण-चाचणी घ्या. जागा पक्की झाली की पट्टीच्या कडेला पेन्सिलची खूण करून ठेवा.