मुंगूस आहे म्हणजे साप नाही?

‘आवारात मुंगूस दिसलं की निर्धास्त राहा, तिथे साप फिरकत नाही, आणि चावलाच तरी मुंगसाला विष चढत नाही,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

त्यात थोडं तथ्य आहे. मुंगूस साप मारतं. नागाचं विष स्नायूंवरच्या ज्या जागी चिकटून ते लुळे पाडतं, त्या जागेची घडण मुंगसात वेगळी असते. पण हे संरक्षण अपुरं आहे. जास्त विष भिनलं तर मुंगूसही मरतं. लढाईत ते वाचतं ते मुख्यतः चपळाईमुळे.

आता वेळ पाहा. घराजवळ दिसणारं मुंगूस दिवसा हिंडतं, रात्री बिळात झोपतं. मण्यार आणि घोणस बहुधा रात्री निघतात. दोघांची गाठ पडणार कधी? जपानच्या अमामी ओशिमा बेटावर १९७९ मध्ये विषारी हाबू सापांच्या बंदोबस्तासाठी मुंगसं सोडली. हाबू निशाचर, म्हणून ते सुटले. मुंगसांनी फडशा पाडला तो तिथल्या दुर्मीळ सशांचा.

पडताळा सोपा आहे. मुंगसाची वाळलेली विष्ठा काडीने उकला (हात लावू नका). भुंग्यांची कडक पंखझाकणं, उंदराचे केस, फळांच्या बिया दिसतील. सापाचे खवले क्वचितच. किडे आणि उंदीर हेच त्याचं रोजचं खाणं, आणि शेजारी म्हणून त्याचा खरा उपयोगही तोच.

त्याला हुसकावू नका, खाऊही घालू नका. साप टाळण्यासाठी मात्र अडगळ हटवा, उघडा कचरा आवरा, रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडा.