ॲलिस इन वंडरलँड (मूकपट, १९०३)

लुईस कॅरल यांच्या १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवरचा पहिला चित्रपट. सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो या दोघांनी दिग्दर्शित केलेला हा ब्रिटिश मूकपट ८०० फूट लांबीचा, म्हणजे साधारण बारा मिनिटांचा होता. एक-दोन मिनिटांत संपणाऱ्या चित्रफितींचा तो काळ. इतका लांब चित्रपट ब्रिटनमध्ये तोवर निघाला नव्हता. आज त्यातली आठ-नऊ मिनिटेच शिल्लक आहेत.

चित्रपट तयार झाला थेम्सकाठच्या वॉल्टन गावी. हेपवर्थ यांचे चित्रणस्थळ म्हणजे घराच्या बागेत उभारलेला एक लाकडी मंच, आणि प्रकाश सूर्याचा. नटसंचही बराचसा घरचाच होता. ॲलिस झालेली मे क्लार्क एरवी याच कंपनीत पडेल ते काम करी. पांढरा ससा आणि राणी या दोन्ही भूमिका हेपवर्थ यांच्या पत्नीने केल्या, तर स्वतः हेपवर्थ बेडूकतोंड्या नोकर झाले. घरच्या मांजराला कादंबरीतल्या हसऱ्या चेशायर मांजराचे काम मिळाले. ब्लेअर हा पाळीव कुत्राही एका प्रसंगात दिसतो. दोनच वर्षांनी, १९०५ मध्ये, 'रेस्क्यूड बाय रोव्हर' या चित्रपटाने तो देशभर ओळखीचा झाला.

आजच्या प्रेक्षकाला कथानक तुटक वाटते. ॲलिस बागेत झोपी जाते, सशामागोमाग बिळात शिरते, दारांच्या दालनात लहानमोठी होते. मग सरदारणीच्या स्वयंपाकघरातले बाळ डुकराचे पिल्लू होते, लगेच चहापान, लगेच पत्त्यांच्या राजाराणीची मिरवणूक. या प्रसंगांना जोडणारा धागा पडद्यावर जवळजवळ नाही. पण हा दोष मानणे चुकीचे ठरेल. इंग्लंडातल्या प्रेक्षकाला गोष्ट पाठ होती, आणि जॉन टेनिएल यांनी पुस्तकासाठी काढलेली चित्रे त्याच्या डोळ्यांपुढे होती. वेशभूषा आणि मांडणी हेपवर्थ यांनी त्या चित्रांबरहुकूम केली. रामायणातला एखादाच प्रसंग पाहताना आपण मागचेपुढचे विचारत नाही, तसेच हे. ओळखीची चित्रे हलताना दिसणे, हाच त्या बारा मिनिटांचा आनंद होता. म्हणूनच खेळ दाखवणाऱ्यांना यातले प्रसंग सुटे विकत घेण्याचीही सोय होती. ज्याला फक्त मिरवणूक हवी, त्याने तेवढीच घ्यावी.

चित्रपटाचे खरे बळ मात्र त्याच्या चमत्कृतिदृश्यांत आहे. बाटलीतले पेय पिऊन ॲलिस आक्रसते आणि खाऊ खाऊन वाढते, हे कॅमेऱ्याच्या करामतीने साधले आहे. झुडपात उमटणारे मांजर दुसऱ्या चित्रणातून आणून बसवले आहे. ते पुस्तकातल्यासारखे हसत नाही, नुसते बघत राहते. खऱ्या मांजराकडून आणखी काय मिळणार! एक दृश्य विरघळून त्यातून दुसरे उमलण्याची युक्तीही येथे आहे, आणि स्वप्नाच्या गोष्टीला ती फार शोभते.

१९२४ मध्ये हेपवर्थ यांची कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्याकडच्या मूळ निगेटिव्ह त्यांतल्या चांदीसाठी वितळवण्यात आल्या. अनेक वर्षांच्या कामाची अशी राख झाल्यावर 'ॲलिस'ची एक जीर्ण प्रत वाचली, हेच नवल. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये तिचे पुनरुज्जीवन केले आणि मूळच्या रंगछटा पुन्हा चढवल्या. ओरखडे, डाग आणि मध्येच तुटणारी चौकट तशीच आहे. तरी ती प्रत इंटरनेटवर सहज पाहता येते आणि मुलांसोबत जरूर पाहावी.

मराठी वाचकासाठी या चित्रपटाच्या कर्त्याचे नाव आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. १९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके चित्रपटविद्या शिकायला लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची गाठ हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी या अनोळखी पाहुण्याला वॉल्टनचा आपला स्टुडिओ हिंडवून दाखवला आणि कामाची प्रात्यक्षिकेही करून दाखवली. फाळके विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यात रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र, आणि पडद्यामागे सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी उचलली. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये तर त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली.