पोकळी म्हणावी की उखळ?

विशेषणाला ‘ई’ लागली की मराठीत नाम तयार होतं. खोलची खोली, पोकळची पोकळी. शरीराच्या बाबतीत मात्र हे दुसरं नाम फसवतं. ‘छातीची पोकळी’ ऐकलं की रिकामी जागा डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात फुप्फुसाभोवतीच्या दोन आवरणांमध्ये असतो तो द्रवाचा जेमतेम एक पातळ थर. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून पाहा: सरकतात, पण ओढून सहज सुट्या होत नाहीत. फुप्फुस छातीच्या भिंतीला तसंच धरून असतं, म्हणून छाती फुगली की तेही फुगतं. या दोन आवरणांत द्रव साठला की आपण म्हणतो, ‘छातीत पाणी झालंय.’ म्हणजे तिथे जागा होते ती आजारपणात.

सांध्यातल्या खळग्याला ‘उखळ’ म्हटलं, तर ते नाव तसं फसवत नाही. उखळ भरण्यासाठीच कोरलेलं असतं. सुश्रुतसंहिता या प्राचीन वैद्यकग्रंथाच्या शारीरस्थान या भागात सांध्यांचे 8 प्रकार दिलेत, त्यांतला एक उलूखल, म्हणजे आपलं उखळच. हे सांधे कुठे? काखेत, जांघेत आणि दातांत. दात फिरत नाही, म्हणून आजचं शरीरशास्त्र त्याला वेगळ्या वर्गात टाकतं. पण खळगा आणि त्यात घट्ट बसलेली वस्तू, हे निरीक्षण किती नेमकं आहे! खुब्याच्या याच खळग्याला लॅटिनमध्ये ‘ॲसिटॅब्युलम’ म्हणतात, म्हणजे व्हिनेगरची वाटी. तेही नाव जेवणाच्या पंगतीतलंच. मला तरी उखळच जास्त पटतं, कारण त्याला खोली आहे आणि या सांध्याचा सगळा खेळ खोलीवरच चालतो. खुब्याचं उखळ खोल. मांडीच्या हाडाचा गोळा त्यात अर्ध्याहून जास्त बुडालेला. खांद्याचं मात्र बशीसारखं उथळ. म्हणून हात चौफेर फिरतो, आणि निखळतोही खांदाच जास्त.

1836 मध्ये विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या जर्मन भावांनी मृतदेहाच्या खुब्याभोवतीचे स्नायू कापले, सांध्याचं वेष्टनही कापलं. तरी पाय लोंबकळतच राहिला, गोळा उखळातून सुटेना. मग त्यांनी कमरेच्या हाडाला आतल्या बाजूनं उखळापर्यंत भोक पाडलं. हवा आत शिरली, गोळा खाली घसरला आणि तेव्हा कुठे तिथे खरीखुरी पोकळी झाली.