कारागृह शिपाई भरती: अर्ज नेमका कुठे अडतो

पहाटे चारला उठून 1600 मीटरची तयारी करणारी मुलं कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर बाद होतात, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून जिथे अर्ज अडतात, तेवढंच इथे सविस्तर लिहितो.

पात्रता थोडक्यात अशी. बारावी उत्तीर्ण. वय 18 ते 28, मागासवर्गीयांना 33 पर्यंत. उंची पुरुषांना 165 सेंमी, महिलांना 155. पुरुषांची छाती न फुगवता 79 आणि फुगवल्यावर किमान 5 सेंमी जास्त. मैदानी 50 गुण, लेखी 100. मैदानीत निम्मे गुण मिळालेच पाहिजेत, आणि लेखीला एका जागेमागे दहाच जण बोलावतात.

जाहिरात पोलीस भरतीसोबत येते, अर्ज ऑनलाइन असतो. पण एका पदासाठी एकच अर्ज! पुण्यात एक आणि नागपुरात एक असे वेगवेगळ्या मोबाइल नंबरवरून अर्ज भरू नका. 2024 च्या भरतीत असं केलेल्यांना हमीपत्र द्यावं लागलं, ऐन तयारीच्या दिवसांत.

सगळ्यात जास्त घोळ नॉन-क्रीमिलेअरचा, म्हणजे ओबीसी वगैरेंना आरक्षणासाठी लागणाऱ्या, उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याचा. जातीचा दाखला कायमचा असतो, हा नसतो. तीन वर्षांचं उत्पन्न तपासून तो एक ते तीन वर्षांसाठी देतात आणि 31 मार्चला संपतो. 2024 मध्ये अर्जाची मुदत 31 मार्चवरून 15 एप्रिलपर्यंत वाढली. अशा वेळी मुदतवाढ म्हणजे दिलासा असं धरून बसू नका, आपला दाखला मधल्या मध्ये संपत नाही ना ते बघा. तो कोणत्या तारखेला वैध हवा, ते जाहिरातीत लिहिलेलं असतं. ते वाक्य दोनदा वाचा.

लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला घेऊन येतात आणि हेलपाटा पडतो. नॉन-क्रीमिलेअरसाठी आई-वडिलांचंच उत्पन्न धरतात. त्यातही पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या) दाखल्याला मात्र पगार, शेती, धंदा सगळं मोजतात. आठ लाखांची मर्यादा दोन्हीकडे असल्यामुळे लोक गल्लत करतात, आणि हे काउंटरवर कुणी नीट समजावून सांगत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आत्ताच काढून ठेवा.

आता जो कागद कुणाकडेच नसतो त्याबद्दल. ओबीसीच्या दाखल्याला आणि पुढे जात पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. ज्यांचे आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत त्यांनी काय आणायचं? कार्यालयात नुसतं 'पुरावा कमी आहे' म्हणतात, कोणता ते एकदाच लिहून देत नाहीत. माझं सांगणं असं: आधी आजोबा, चुलत आजोबा, आजोबांची बहीण यांच्यापैकी कुणाचा तरी शाळेचा निर्गम उतारा (शाळा सोडल्याच्या नोंदीची नक्कल) शोधा. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदीची, नक्कल मागा. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. वडिलांची, काकांची किंवा आत्याची जात पडताळणी आधीच झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं. भावकीत विचारायला लाजू नका.

या शोधाला महिने जातात आणि जाहिरातीनंतर हातात जेमतेम काही आठवडे असतात. म्हणून मैदानाचा सराव सुरू कराल त्याच आठवड्यात तहसीललाही एक चक्कर मारा.

बेळगाव-निपाणीकडच्या मुलांसाठी एक गोष्ट. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषिकांनाही अर्ज करता येतो. तिथल्या 15 वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला हवा.

आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र न वाचता सही करून देऊ नका. 28 मार्च 2006 नंतरच्या जन्मामुळे मुलं दोनपेक्षा जास्त झाली असतील, तर उमेदवार अपात्र ठरतो.